शांतीचा खेळ मी कसा मोडला

दुसऱ्यांच्या फजित्या मी आयुष्यभर सांगत आले, आज माझी ऐका. अट एकच. हसू आलं तर मोठ्याने हसायचं. पदराआड हसणाऱ्या बाया मला आवडत नाहीत.

गोष्ट गुजरातेतल्या बमरोलीची, लूमवाल्यांच्या वस्तीतली. नव्वद सालानंतरची, माझी नात पूनम पाच वर्षांची होती तेव्हाची. मुलगा लूमवर, सून साड्यांच्या घडीकामाला, म्हणजे पोर माझ्या हवाली. आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना. दिवसरात्र खटाखट, खटाखट. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचंच. नवराबायकोने हळूच काही बोलायचं ठरवलं तरी चार घरांना कळायचं! आणि ती खटाखट थांबली की आम्ही हातातलं काम टाकायचो. लाइट गेली असेल तर ठीक, नाहीतर मशीनने कुणाचा तरी हात धरलेला असायचा. शांतता झाली की आम्ही बाहेर धावत सुटायचो. माझं जे काय चुकलं ते या सवयीमुळे, एवढं लक्षात ठेवा.

पूनमचा आवाज लूमच्या वर. चालली की फळीवरची भांडी हलायची. तिला दोन गल्ल्या पलीकडच्या बालमंदिरात घातलं. मी स्वतः शाळेची पायरी चढलेली नाही. दुकानांच्या पाट्या आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून मराठी शिकले, गुजरातीही शिकले, कुणाच्या बापाचं देणं लागत नाही. त्यामुळे शिक्षण म्हणजे अक्षरं, हे माझं ठाम मत. संध्याकाळी पोरीला विचारायचं, काय शिकलीस? तर म्हणे, काठोकाठ भरलेला पेला न सांडता नेला. दुसऱ्या दिवशी, खडूच्या रेघेवरून चालले. मी मनात म्हणायची, हे शिकवायला बाई कशाला पाहिजे? पाणी तर मीही भरून घेते तिच्याकडून.

महिना गेला आणि पोर बदलली. खाटेवर मांडी घालून, डोळे मिटून बसायला लागली. हाक मारली तर ओ नाही. हलवलं तर एक डोळा उघडून माझ्याकडे रागाने बघायची आणि पुन्हा मिटायची. घरात चवड्यांवर चालायची. ताट ठेवलं तर आवाज नाही. सून म्हणाली, बरं झालं, शांत झाली. शांत? ही? माझा दृष्टबिष्ट गोष्टींवर विश्वास नाही, चारचौघांत मी तसं ठणकावून सांगते. त्या दिवशी दार लावून मीठ-मिरच्या उतरवल्या. ठसका मला लागला, शेजारणीला लागला. पूनमने गाल फुगवून श्वास धरला, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही. तेव्हा तर माझी खात्रीच झाली, पोरीला काहीतरी झालंय.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास थेट बालमंदिर गाठलं, बाईंना जाब विचारायला. फाटकाशी गेले तर आतून काही ऐकू येईना. तीस पोरं, आणि आवाज नाही! खिडकीतून डोकावले. पडदे ओढलेले. सतरंजीवर सगळी पोरं बसलेली, डोळे मिटलेले, हात मांडीवर. कुणी हलत नाही. माझी पूनम शेवटच्या रांगेत, मान किंचित झुकलेली. आणि बाईंचा पत्ता नाही.

आता तुम्ही काय समजला असता ते तुमचं तुम्हाला माहीत. माझ्या डोक्यात एकच आलं, गॅस. हजीऱ्याच्या बाजूला गॅसचे कारखाने आहेत, एवढं माझं ज्ञान. हजीरा कुठे, बमरोली कुठे, वारा कुठला, एवढा विचार करायला धीर कुणाला होता?

मी जी बोंब ठोकली, ती लूमच्या खात्याशेजारी घडलेल्या गळ्याची होती. समोरच्या टपरीवर चहा पिणारे पाच लूमवाले टपरीची बादली घेऊनच धावले. मी दार ढकललं, पूनमला काखोटीला मारलं आणि हाताला लागलेला माठ जवळच्या दोन पोरांवर रिकामा केला. मग काय, सगळी पोरं जिवंत असल्याचा पुरावा एकदमच मिळाला. असा गलका मी लूमच्या भिंतीशीही ऐकला नव्हता.

शेजारच्या खोलीतून शाळेच्या बाई, दक्षाबेन, बाहेर आल्या. किडकिडीत बाई, आवाज त्याहून बारीक. "शुं थयुं, बा?" काय झालं, एवढंच त्यांनी विचारलं.

मी उत्तर देणार तोच काखेतून पूनम बोलली, "मोठी माय, आज माझं नाव येणार होतं." आणि रडायला लागली. तेही आवाज न करता.

मग दक्षाबेननी गुजराती-मराठी मिसळून समजावलं. हा शांतीचा खेळ. पोरं डोळे मिटून बसतात, बेन शेजारच्या खोलीत जाऊन एकेकाचं नाव कुजबुजतात. ज्याला ऐकू येईल त्याने अजिबात आवाज न करता उठून त्यांच्याजवळ जायचं. चुळबुळ करणाऱ्याचं नाव येत नाही. पूनमचं महिनाभरात एकदाही आलं नव्हतं. म्हणून घरी सराव. आज ती पहिल्यांदा न हलता बसली होती, आणि मी माठ घेऊन पोचले.

मी कुणापुढे मान खाली घालत नाही. तेव्हा घातली. म्हटलं, मी जाते, तुम्ही परत खेळा. बेन म्हणाल्या, नाही, तुम्ही पण बसा. बा पळाली तर पोरं दाराकडेच बघत राहतील.

बसले. लूमवाले बाहेर पायरीवर टेकले, त्यांनाही बघायचं होतं. पोरांनी डोळे मिटले, मी एक किलकिला ठेवला.

आणि हो, काय सांगू, शांतता आली. लाइट गेल्यावरची नव्हे. ही पोरांनी केलेली होती, तीस जणांनी मिळून, जपून, काठोकाठ भरलेला पेला धरतात तशी. पत्र्यावर कावळा चालला, त्याची नखं मला मोजता आली. ओल्या पोराच्या सदऱ्यातून थेंब पडला, तो ऐकला. लांब कुठेतरी लूम चालत होते, आणि इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की त्या खटाखटीला एक ठेका आहे.

"जिग्नेश." तो आवाज नव्हताच, श्वासालाच नाव फुटलं होतं. पोरगा उठला, गेला. मग "पूनम."

माझी पूनम उठली. तिचा फ्रॉक माझ्या गुडघ्याला लागून गेला, पाऊल वाजलं नाही. मला शिकवायचं म्हटलं तर दहा जन्मांत जमलं नसतं ते या बारक्या बाईने महिन्यात केलं होतं, न ओरडता. मग मात्र मी दोन्ही डोळे घट्ट मिटले, कारण ते भरले होते आणि पायरीवर पाच पुरुष होते.

नावं येत राहिली, अनवाणी पावलं जात राहिली. मग बेन कुजबुजल्या, "दगू."

कुणी हललं नाही. पुन्हा, "दगू." हूं नाही, चूं नाही. मला राग यायला लागला. एवढा देवासारखा खेळ, आणि एक आळशी पोर त्याची माती करते! तिसऱ्यांदा नाव आलं आणि माझा तोल गेला.

"ऊठ ना वं दगू, बहिरी शे का? बेन हाका मारी मारी थकनी!"

असं माझ्या गावच्या बोलीत म्हणत डोळे उघडले. सतरंजीवर मी एकटी होते. दारात तीस पोरं तोंडावर हात दाबून उभी.

पूनमच्या प्रवेशाच्या फॉर्मवर मीच लिहिलं होतं, पालक: दगूबाई. पण ते नाव कुणी तोंडाने घेऊन चाळीस वर्षं झाली होती. नवरा 'ए' म्हणायचा, मुलं माय, गल्ली मोठी माय, गुजराती बा. दगू कोण, हे मला तरी कुठून आठवणार?

पूनमने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने खूण केली. ये, पण आवाज न करता. सगळी पोरं श्वास रोखून बघत होती. मी ओठ आवळले, पदर खोचला, जमिनीला हात टेकून जपून, अगदी जपून उठले.

आणि माझे दोन्ही गुडघे एकामागून एक बोलले.