भिकी ज्या गाण्यावर गप्प बसली

भिकी रडून रडून निळी पडली होती आणि तिचा दंड मी दोन्ही हातांनी धरला होता. तो सुटला असता तर बाळकुमच्या सगळ्या पोरांची लस मातीत गेली असती.

आता वासराची लस येते, म्हणून नव्या लोकांना हे सांगावं लागतं. तेव्हा पोराच्या अंगावरूनच पोराला टोचत. एकाला टोचलं की आठवड्याने त्याच्या दंडावर फोड भरे. त्यातलं पाणी लॅन्सेटच्या, म्हणजे टोचायच्या सुरीच्या, टोकावर घ्यायचं आणि पुढच्यांना द्यायचं. फोड चोळला गेला की संपलं. भिकी कळव्याच्या मिठागरावरची, दोन वर्षांची. तिची आई ठमी तिला घेऊन आमच्याबरोबर होडीने बाळकुम गावात आली होती. पलीकडच्या पाड्यात देवी आल्या होत्या. फोड उद्या सुकणार होता.

मी व्हॅक्सिनेटर रावसाहेबांचा शिपाई. शाळा दोन बुकांची, पण पोर गप्प करण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पेटीत लॅन्सेटशेजारी माझी डिमडी असायची. ठाण्यापासून कल्याणपर्यंत पोरं तिच्यावर खूश. भिकीने तिला लाथ मारली.

"वाजव अजून," रावसाहेब म्हणाले. "फुटेपर्यंत वाजव."

"फुटली तरी वाजवीन, साहेब."

पाटलिणीच्या अंगणात जमलेल्या बायका हसल्या.

"भाऊ, ठेवा ते. मी बगते," ठमी म्हणाली. तिने भिकीला मांडीवर घेतलं आणि हलक्या आवाजात काही म्हणू लागली. भिकीचा हुंदका अर्ध्यात थांबला. दंड सैल पडला. रावसाहेबांनी चटकन पाणी घेऊन पाटलिणीच्या नातवाला टोचलं.

तेव्हा ध्यानात आलं, हसणं बंद झालंय. ठमी देवीचं गाणं म्हणत होती. देवी आलेल्या घरातच, आजारी पोराच्या उशाशी ते म्हणतात. निरोगी घरात म्हटलं तर ते बोलावणं होतं, असं सगळ्या मानतात.

"गो बाय, माझ्या अंगनात तिला बोलावतेस?" पाटलीण उठलीच. "त्वांड बंद कर!"

ठमी थांबली. भिकीने किंकाळी फोडून दंड ओढला.

"म्हण गं!" मी ओरडलो.

"हिचा भाऊ गेला तवा दिसरात ह्येच म्हनत व्हते," ठमी पाटलिणीला म्हणाली. "हिनं दुसरं ऐकलंच नाय. काय म्हनू, तुमीच सांगा."

बायका पोरं उचलून निघाल्या. मी वाटेत आडवा झालो. "देवी पाड्यापर्यंत आलीच आहे! तिला गाणं कशाला लागतंय?"

"तुमी होडीत बसून जाल, शिपाईदादा," पाटलीण म्हणाली. "आमी हितंच ऱ्हानार."

मी हललो नाही. त्या कुंपणातून गेल्या.

एक तरुण विधवा तेवढी उरली. "माझा एकच ऱ्हायलाय. टोचा," म्हणाली आणि ठमीशेजारी बसली. तिलाही ते गाणं येत होतं. दोघींनी म्हटलं, तोवर काम झालं. उरलेला फोड परतीच्या होडीत सुकला.

पुढच्या महिन्यात देवी बाळकुमात आल्या. पाटलिणीचा नातू आणि त्या विधवेचा मुलगा वाचले. बाकीच्या घरांचं लिहवत नाही. गावाने खापर ठमीवर फोडलं. तिला परत बाळकुमात पाय ठेवू दिला नाही. गाण्याने रोग येत नाही, हे मी तिथल्या माणसांच्या तोंडावर सांगितलं. माझंही त्या गावातलं पाणी तुटलं. तुटू दे.

नोकरीभर मग एक नियम पाळला. लशीसाठी पोर निवडताना फोड नंतर बघायचा. आधी आईला विचारायचं, हे कुठल्या गाण्यावर निजतं? देवीचं म्हणाली तर पुढचं घर. खाडीकाठी तसलीच घरं जास्त, त्यापायी फार चालावं लागे.