गेटपाशी उभी फियाट

मृणालिनी गुप्ते यांना एका जागी बसवत नसे. नवरा श्यामकांत अचानक गेल्यापासून तर अजिबातच नाही. ऑफिसातून आल्या की पर्स टेकवायची आणि गॅलरीत येरझाऱ्या सुरू. खाली त्यांची फियाट उभी. बोरीवलीतल्या त्या सोसायटीत गेटपासून आत उतार होता. श्यामकांतरावांनी हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये लावलेली गाडी तशीच अर्धं गेट अडवून होती. बॅटरी केव्हाच मेली होती. स्कूटरी कडेनं निघायच्या. सेक्रेटरी नंदकिशोर शहा म्हणायचे, "ताई, गाडीचं बघा ना आता." ताई "बघते" म्हणत. विकायला जीव होत नसे, आणि ठेवली की रोज डोळ्यांत खुपे.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात एका रविवारी त्या भाजी घेऊन परतत होत्या, तर गल्लीत आगीचा बंब खोळंबलेला. मीटरच्या खोलीतून काळा धूर. जिना धुरानं कोंडलेला, आणि लकवा झालेल्या शांताबाई दुसऱ्या मजल्यावर अडकलेल्या. त्यांची सून क्षमा खाली टाहो फोडत होती. चार-पाच जण फियाट ढकलत होते, पण ती तसूभर हलेना.

"बॅटरी डाउन आहे, कशी हलणार!" नंदकिशोर ओरडले.

"बॅटरीचा काय संबंध? गाडी गिअरमध्ये आहे." पिशवी तिथंच टाकून मृणालिनीताईंनी पर्समधली किल्ली काढली.

"तुम्हाला चालवता येते?"

"नाही."

त्या पहिल्यांदाच त्या सीटवर बसल्या. इतकी वर्षं शेजारी बसून नवऱ्याचा हात पाहिला होता. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा मधोमध, न्यूट्रलला आला की सैल खेळतो, एवढं ठाऊक होतं. क्लच दाबला, दांडा ओढला. निघेना. गाडी उभी राहून राहून क्लच चिकटला होता.

"कशाला इतकी घट्ट लावून गेलात हो!" त्या दातओठ खात पुटपुटल्या. मग खिडकीतून ओरडल्या, "आधी गेटकडे ढकला, वर! आता सोडा! परत वर!"

गाडी झुलली. दांडा खट्‌कन सुटला, हातात सैल हलू लागला. त्यांनी हँडब्रेक सोडला आणि फियाट आपसूक उतारावरून आत निघाली. ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला! चाक जोरानं वळवून त्यांनी ती पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर घातली. एक दिवा फुटला, कपाळाला टेंगूळ आलं.

बंब आत शिरला. थोड्या वेळानं दोघा जवानांनी शांताबाईंना खुर्चीत बसवून खाली आणलं. खोकत होत्या, पण शुद्धीवर. क्षमानं ताईंना मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसला दांडी मारली आणि मोटर स्कूलमध्ये नाव घातलं. लायसन्स दुसऱ्या खेपेला मिळालं. ब्रेक-क्लच दुरुस्त करून, नवी बॅटरी बसवून पहिली फेरी मारली ती गोराईच्या खाडीपर्यंत. शेजारी क्षमा होती, डोळे गच्च मिटून. "ताई, हळू ना!" ती म्हणत राहिली. ताईंनी मात्र वाटेत एकदाही गाडी थांबवली नाही.