लाल रेघेवरचं तळं

तळ्याच्या दरवाजाचं चाक सांभाळणाऱ्याला सगळे रेघोबा म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. पाणी मोजायच्या दगडी पट्टीवर एक लाल रेघ होती. उन्हाळा असो की पावसाळा, पाणी त्या रेघेला टेकलेलंच हवं, हा त्याचा हट्ट. एकवीस वर्षं तो डोळ्यांत तेल घालून त्या रेघेवर नजर ठेवून बसला. साहेब येत, पट्टी पाहत, पाठ थोपटून जात. चौकीच्या भिंतीवर ‘सर्वांत नेटकं तळं’ म्हणून मिळालेल्या तीन ढाली होत्या, आणि चौथीसाठी खिळाही ठोकून ठेवलेला होता.

त्याच्या आधीचे म्हातारे मिस्त्री अगदी उलटे. ऊन तापायला लागलं की रोज सकाळी चाकाचा एक वेढा उघडायचे आणि दुपारी बंद करायचे. दोन महिन्यांत पाणी कमरेइतकं उतरे आणि काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडे. वेढा मोजायला त्यांनी चाकाच्या एका आऱ्याला चिंधी बांधली होती. रेघोबाने त्यांच्या हाताखाली दोन उन्हाळे काढले. जाताना मिस्त्री एवढंच म्हणाले, “चिंधी सोडू नकोस.” का, ते त्यांनी सांगितलं नाही. बहुतेक त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

नवी विटी, नवं राज्य. रेघोबाला वाटलं, म्हातारा आळशी, आणि वर हे असले तोडगे. पहिल्याच दिवशी त्याने चिंधी कापून फेकली, चाक घासलं, त्याला हिरवा रंग दिला. एवढं चकचकीत चाक बघून त्याची तहानभूकच हरपली म्हणे.

चौकीला लागूनच रेघोबाचं नोकरीतलं दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघराची खिडकी थेट काठावर उघडायची. मिस्त्री असतानाच नवी नवरी म्हणून आली तेव्हा बायकोला त्या खिडकीचाच काय तो आधार होता. उघड्या चिखलात बारीक हिरवळ उगवायची, तीत पिवळी-जांभळी फुलं यायची, आणि लांब लाल पायांचे पक्षी टुकटुक चालत किडे टिपायचे. शेकाटे त्यांचं खरं नाव. ती त्यांना काटकुळे म्हणायची. भाकरी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष काटकुळ्यांकडे.

पाणी रेघेवर थांबलं आणि पुढच्या उन्हाळ्यात काटकुळे आले, दोन घिरट्या घालून निघून गेले. मग तेही थांबलं. एका जागी राहिलेल्या पाण्यात पाणकणीस माजलं. बघता बघता खिडकीसमोर त्याची माणसाहून उंच भिंत झाली. दुसरं काही उगवेना. अति तिथे माती म्हणतात, पण इथे अति झालं आणि मातीच दिसेनाशी झाली.

“आले का हो काटकुळे?” बायको दर उन्हाळ्यात विचारायची.

“हवा बिघडलीय,” तो म्हणायचा. कधी कारखान्यावर खापर फोडायचा, कधी शिकाऱ्यांवर.

पुढे काचबिंदूने तिची नजर गेली. एकदम नाही, कडेकडेने, सात-आठ वर्षांत. ती खिडकीशी बसायची मात्र तशीच.

त्याच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं तेव्हा कॉलेजातल्या एक बाई आल्या. झाडझाडोऱ्याचा अभ्यास करणाऱ्या. त्यांनी तळाचा गाळ उपसून पत्र्याच्या चार ट्रेंमध्ये पसरला आणि ट्रे चौकीच्या ओट्यावर ठेवले. रेघोबा हसला. “बाई, चिखलाचं लोणचं घालताय का?”

तीन आठवड्यांनी ट्रे हिरवेगार झाले. एकात पिवळं फूल, एकात जांभळं. रेघोबा बघतच राहिला.

“बी जिवंत आहे काका, वीस-वीस वर्षं थांबलंय,” बाई म्हणाल्या. “गाळ उघडा पडत नाही, म्हणून उगवत नाही. हिरवळ नाही म्हणून किडे नाहीत, किडे नाहीत म्हणून पक्षी नाहीत. पाणी असं एकाच रेघेवर धरतं तरी कोण?”

रेघोबाने चाकाकडे पाहिलं. त्याला मिस्त्रींची चिंधी आठवली. कारखाना नाही, शिकारी नाहीत. हे सगळं त्याने स्वतः केलं होतं, मन लावून, आणि त्याबद्दल ढाली घेतल्या होत्या.

ऊन तापलं तेव्हा त्याने जुना टॉवेल फाडून आऱ्याला चिंधी बांधली. साहेबांनी उतरलेलं पाणी पाहिलं आणि चौथी ढाल दुसऱ्या तळ्याला गेली. तो रोज सकाळी वेढा उघडत होता आणि दुपारी कोयत्याने पाणकणीस तोडत होता. कंबरेचा काटा ढिला झाला. खिडकीसमोर जेमतेम अंगणाएवढा चिखल मोकळा झाला, त्यावर विरळ हिरवळ आली. पूर्वीचा पट्टा काही आला नाही. तो एका उन्हाळ्यात येण्यासारखा नव्हता.

घर रिकामं करायच्या आठवड्यात, सकाळी, बायकोने हातातला कप खाली ठेवला.

“ऐकलं? कीक-कीक?”

दोन शेकाटे उतरले होते.

“किती आहेत?”

“दोन.”

“पाय लालच आहेत ना?”

“लालच.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. “मला दिसत होतं तेव्हा कुठे गेले होते मेले?”

हवा बिघडली होती, असं तो अजूनही म्हणू शकला असता. तिला काय कळणार होतं? तो तिच्याशेजारी स्टुलावर बसला.

“ते आले होते गं. पण त्यांना उतरायला जागा नव्हती. ती मीच बुडवली होती.”

 हाताने चाचपत तिने खिडकीची बंद असलेली दुसरी झडप उघडली.

“आता गप्प बसा,” ती म्हणाली. “ऐकू द्या.”