रोटर आणि संशय

चैत्रातल्या दुपारी बोरसीच्या आमच्या अंगणात कडुनिंबाच्या मोहराचा गोडसर-कडवट गंध डिझेलच्या वासात मिसळला, की मी ओळखायची, हे पुन्हा गाडीपाशी गेले. पोलाद कारखान्याच्या सेक्टर सहातल्या क्वार्टरमध्ये राहत असताना यांनी हौसेने घेतलेली ती जुनी जपानी गाडी, कारखान्यातून निवृत्त होऊन इकडे आलो तेव्हापासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि उभ्याउभ्याच तिचं इंजिन जाम झालं होतं. त्यात वरखाली होणारे पिस्टन नाहीत, एक तिकोनी रोटर पोकळीत गरगर फिरतो, एवढं ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं.

पुण्याहून मुलगा दर रविवारी फोनवर विचारी, "बाबा, कधी येऊन राहिले तुम्ही?" यांचं उत्तर ठरलेलं. "इंजिन एकदा फिरू दे, गाडी कोणाच्या तरी हाती देतो, मंग येतो." मला मात्र नातीजवळ जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. माझी अर्धी बॅग भरूनही झाली होती.

रोज दुपारी हे प्लगच्या छिद्रांतून डिझेल आणि तेल सोडत, पुढच्या पुलीच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावत, उजव्या हाताने किंचित पुढे, किंचित मागे ओढून पाहत आणि घरात येऊन म्हणत, "जाम आहे अजून. जबरदस्ती केली तं आतले सील तुटतात." त्या शांत स्वरानेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्या माणसाने उभं आयुष्य मिलमधली अजस्र यंत्रं उघडण्यात घालवलं, त्याचं हे एवढंसं इंजिन ऐकत नाही? यांना पुण्याला यायचंच नाही, आणि तसं सरळ सांगायचं सोडून बिचाऱ्या रोटरच्या माथी खापर फोडतात, अशी माझी खात्रीच झाली. मी तेलाच्या डब्यावर नजर ठेवू लागले, शेडमधले आवाज ऐकू लागले, आवाज आला नाही तर अधिकच कान देऊ लागले.

स्टिअरिंगला यांनी कारखान्याच्या रीतीने लाल कार्ड टांगलं होतं. यंत्रावर काम चालू असताना ते लावतात, आणि ज्याने लावलं त्यानेच काढेपर्यंत दुसऱ्याने यंत्राला हात लावायचा नसतो. एका दुपारी हे जेवून आडवे झाले आणि मी पदर खोचून शेडमध्ये गेले. पाना नटावरच होता. दोन्ही हातांनी ओढला. जड गेला, करकरला, मग आतून एक ओलसर उसासा निघाला, छिद्रातून काळं तेल ठिबकलं आणि पुली फिरली. आनंद व्हायचा, तर मनात आलं ते एवढंच, की हे सापडले. पाना होता तसा ठेवून मी घरात आले.

हे उठून शेडकडे निघाले तेव्हा मी मुद्दाम मागोमाग गेले, लबाडी डोळ्यांदेखत पकडायची म्हणून. यांनी पाना धरला, ओढला. मानेची शीर तट्ट फुगली, कपाळावर घाम आला, डोळे मिटले गेले, आणि पाना जिथल्या तिथे. इतकं खोटं कोणाला वठवता येत नाही. महिनाभर हे चहाचा कप डाव्या हाताने का उचलतात, बटणांचा सदरा सोडून बंडीच का घालतात, ते मला तेव्हा कळलं. उजव्या हातातलं बळच गेलं होतं.

"थांबा, मी पण लावते हात," म्हणत मी यांच्या हातावर हात ठेवला. हात गार होता. दोघांनी ओढलं, पुली फिरली, पुन्हा फिरली.

"सुटलं," हे म्हणाले, पण चेहरा उजळला नाही. आता पुण्याला जाणं आलंच. मात्र नातीसाठी की या हातासाठी, ते दोघांपैकी कोणीतरी बोलायला हवं होतं.

"तू जोर लावला काय?"

"मी तं नुसता हात ठेवला."

हे माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, मी इतके दिवस यांच्याकडे संशयाने पाहत होते तसेच, आणि मला नजर खाली घालावी लागली.