बघू की

झरमीना, हे पत्र तुलाच आहे. मराठी वाचता येत नाही असली सबब सांगू नकोस, वाचायला तुला मीच शिकवलंय. माझा तंबोरा दिवाळीच्या आधीपासून मिरजेत दुरुस्त होऊन टांगलेला आहे. ते दुकान तुझ्या जिन्यावरून दिसतं. गुडघ्यांमुळे आता मला बसची चढउतार जमत नाही, हेही तुला माहीत आहे. तू दर रविवारी सांगलीला येतेस, हात हलवत. कधी आणणार ते सरळ सांग. आणि तो शब्द वापरू नकोस.

इथवर लिहून शकुंतलाबाईंनी चष्मा काढला. तो शब्द नुसता आठवला तरी त्यांचं डोकं फिरायचं. कॉलेजात भूगोल शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. नदीला नदी आणि ओढ्याला ओढा म्हणायची सवय. आणि इथल्या माणसाला 'नाही' म्हणायचं असलं की तो म्हणणार, "बघू की."

झरमीना मिरजेला आली ती नवऱ्याच्या उपचारांसाठी, अफगाणिस्तानातल्या हेरातहून. नवरा वाचला नाही, आणि त्याच सुमारास तिकडे राज्य बदललं. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. परत जाण्यासारखं काही उरलं नाही. पदरात लहान मुलगी. पेशंटच्या नातेवाइकांच्या धर्मशाळेतली जागा महिनाअखेरीस सोडायची होती. पक्क्या पत्त्याशिवाय इथे राहायची परवानगी वाढत नव्हती आणि मुलीला शाळाही मिळत नव्हती. एक खोली हवी होती. बस्स, एक खोली.

त्यासाठी समिती झाली. धर्मशाळेची मयूरी, मशिदीच्या ट्रस्टचे हाजीसाहेब आणि महिला मंडळातर्फे शकुंतलाबाई. हाजीसाहेबांनी शिलाई मशीन दिलं, मयूरीने कचेऱ्यांत खेटे घातले, शकुंतलाबाईंनी मराठीची शिकवणी घेतली. खोलीचा विषय निघाला की मात्र जो तो चहाच्या कपात बघायचा. परदेशी बाई, एकटी, उद्या चौकशी आली तर? घरमालक सगळे गोड बोलायचे. तोंडावर दार कुणी लावलं नाही, आणि उघडलंही नाही.

शेवटी शकुंतलाबाई तिला नानासोंकडे घेऊन गेल्या. नानासो फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, गावाकडे ऊस, मिरजेत दुमजली घर, वरची खोली रिकामी.

"तुमी सोता आलाय म्हंजी..." नानासोंनी मिशीवरून हात फिरवला. "बगू की."

"बघू म्हणजे कधी?"

"आवं बाई, बगू की निवांत."

संपलं. पायऱ्या उतरताना शकुंतलाबाई मनात पुढचं घर शोधायला लागल्या होत्या. झरमीना मात्र हसत होती. शिकवणीत तिने शब्द नीट पाठ केला होता. घराकडे बघ, दुधाकडे बघ, मुलाला बघ. माणूस 'बघतो' म्हणाला म्हणजे त्याने काळजी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नानासोंचा फोन.

"आवं बाई, ही सामान घिऊन आलीया. मशीनबी हाय. पोरगी पायरीवर बसून आमच्या कुत्र्याला बिस्कुट घालतीया. म्या काय करू?"

"नाही म्हणून सांगा."

पलीकडे नुसता घसा खाकरल्याचा आवाज. मग, "तोंडावर कसं म्हनायचं वो?"

शकुंतलाबाई रिक्षाने पोचल्या. झरमीना मशीनच्या खोक्यावर ताठ बसलेली. "बाई, हे म्हणाले बघू. मी आले." उभ्या जन्मात कुणाची चूक दुरुस्त केल्याशिवाय न राहिलेल्या शकुंतलाबाई तिथे गप्प बसल्या.

एवढ्यात नानासोंची बायको अंबूबाई बाहेर आली. एकदा खोक्याकडे, एकदा पोरीकडे आणि मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आवं सुभेदार, शबुद दिलासा न्हवं? मग आता आभाळाकडं काय बगताय? किल्ली काडा. आन तू गं, पोरीला उनात काय बसवलंयस? आत ये, चा घे."

त्याच दुपारी नानासो स्वतः जाऊन पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करून आले. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "म्या नुसतं बगू म्हनलो हुतो रं."

पत्ता झाला, परवानगी वाढली, पोरगी शाळेत जायला लागली. आता झरमीना अर्ध्या गल्लीचे ब्लाउज शिवते, अंबूबाईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते, आणि शकुंतलाबाईंनी शिकवलेलं शुद्ध मराठी बासनात बांधून अंबूबाईचं बोलते. समितीची बैठक अजून भरते. दुसरं एक कुटुंब आलंय, त्यांना घर हवंय, आणि चहाच्या कपात बघणं सुरू आहे. मयूरी म्हणते, झरमीनाचं पुनर्वसन पूर्ण झालं. झालं आहे खरं, जरा जास्तच.

शकुंतलाबाईंनी पत्र बाजूला सारलं आणि फोन लावला.

"तंबोरा कधी आणतेस?"

"बाई, लय काम हाय वो. लगीनसराई."

"रविवारी येतेसच ना? येताना घेऊन ये."

पलीकडचं मशीन थांबलं. क्षणभर शकुंतलाबाईंना आशा वाटली.

"बगू की, बाई."

"झरमीना, तुला मी सांगितलंय, मला तो शब्द..."

"निवांत बगू," ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा धडधडायला लागलं.

पत्र पाकिटात गेलं नाही. तंबोरा मिरजेतच टांगलेला आहे.