फणस की खंड

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हे सगळ्यांनी मनावर घेतलं असतं, तर रत्नागिरीतली आमची चूल पेटली नसती. माझे यजमान वकील. मांडवीच्या वाटेवर आमचं घर, आणि तारखेला आलेले पक्षकार आमच्याच पडवीत उतरायचे. वकिलाची बायको म्हणजे बिनपैशाची खाणावळ. मी कुरकुरायची आणि भाताचं आधण वाढवायची.

त्यांतली एक म्हातारी मला फार आवडे. नवरा, मुलगा, कोणी उरलं नव्हतं. घर आणि त्याभोवतीचं चार माडांचं, एका फणसाचं ठिकाण, एवढंच तिचं जग. थोरल्या खोतांनी ती जागा तिच्या सासऱ्यांना तोंडी देऊन टाकली होती, कागद नव्हता. खोत वारले आणि मुंबईहून आलेल्या त्यांच्या मुलाने दावा लावला: जागा आमची, ही नुसती कूळ, घर सोडावं.

पिंजऱ्यात उभी असताना समोरच्या वकिलाने तिला गोड आवाजात विचारलं, "खोतांकडे दर वर्षी काही पाठवता का हो, आजी?"

"तर. झाडाचा पहिला कापा फणस त्यांच्याकडे. एक वर्ष चुकवलं नाही," म्हातारी अभिमानाने म्हणाली.

त्याने तेवढंच उचललं. दर वर्षी नेमाने फणस, म्हणजे खंड, जमिनीचं भाडं. खंड देते ती कूळ.

संध्याकाळी हे डोकं धरून बसले. "स्वतःच्या तोंडाने घर घालवलंन," म्हणाले. म्हातारीला आपलं चुकलं काय तेच कळेना. "पहिलं फळ त्यांना न देता मी खाईन कशी?" ती मला विचारत होती. मला यांचाच राग आला. एवढी कायद्याची पुस्तकं वाचली, पण शेजारधर्म कशाशी खातात ते ठाऊक नाही.

मी तिला विचारलं, "फणसाची टोपली परत यायची, ती रिकामी?"

"रिकामी कशी येईल, वैनी? कधी घावन, कधी तांदूळ. खोतीणबाई रिकामी टोपली धाडायच्या नाहीत."

मी यांच्याकडे वळले. "खंड घेऊन कुठला खोत उलट घावन धाडतो?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. लग्नाला बारा वर्षं झाली होती. एवढं टक लावून पहिल्यांदाच.

पुढच्या तारखेला यांनी खोतांच्या मुलाला पुन्हा पिंजऱ्यात बोलावून घेतलं आणि टोपलीचं विचारलं. त्याला नाही म्हणता आलं असतं. पण तो म्हणाला, "आई रिकामी टोपली परत पाठवत नसे." त्या मुलाबद्दल तेव्हापासून मला माया वाटते.

निकाल म्हातारीच्या बाजूने लागला. यांनी तिला बजावलं, "आता फणस धाडायचा नाही. पुन्हा कोणी त्याला खंड म्हणेल."

दावा चालू असताना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आता पडवीत बसून ती रडायला लागली. "खोतीणबाई अजून आहेत," म्हणाली. "त्यांना काय वाटेल? मी तोंड फिरवून राहावं म्हणून घर राखलंत?"

वकिलाने यावर काय सांगायला हवं, ते एव्हाना मलाही ठाऊक होतं. हे उठून तिच्याजवळ जाऊन बसले.

"धाडा, आजी," म्हणाले. "पुन्हा दावा आला तर मी उभा राहीन."