रिठीतली बोडी

‘आपण कामाच्या जागेपासून दीड किलोमीटर दूर आहात,’ असं मोबाइल सांगत होता. आणि मी तर अनुसयाबाईंच्या बोडीच्या पाळीवरच उभी होते.

बोडी म्हणजे शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातला लहानसा तलाव. पावसाने दडी मारली की धानाला पाणी इथूनच मिळतं. आमच्या भंडाऱ्यात बोड्या पुष्कळ, पण बऱ्याचशा गाळाने बुजलेल्या. गाळ काढून पाळ, म्हणजे भोवतालचा बांध, नीट केली की सरकार अनुदान देतं. आधी शेतकऱ्याने काम करायचं, मग आम्ही कृषी सहायकांनी जिओटॅग फोटो, म्हणजे जागेची नोंद असलेला फोटो, ॲपवर चढवायचा. लाखांदूर तालुक्यातल्या त्या गावात मी त्याच कामाला गेले होते.

अनुसयाबाई साठीच्या. नवरा गेल्यापासून शेती एकट्याच बघायच्या. घरचं धान विकून त्यांनी जेसीबी लावला होता.

“काय म्हनून राह्यला मोबाइल?” त्यांनी विचारलं.

“बोडी इथं नाही म्हणतो.”

“मंग मी कोनाची बोडी कोरली?”

मी मोबाइल बंद करून परत सुरू केला. पाळीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तेच. अर्जावर गट नंबर ८४, सातबाऱ्यावरही ८४. पण ॲपच्या नकाशात ८४ डांबरी रस्त्याच्या पलीकडे. तिथेही जाऊन आले. सपाट वावर होतं. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसलेले मालक घाबरले.

“माह्या वावरात बोडी कायले? सरकार खोदून तं नाही टाकत ना?”

आमच्या तालुका कृषी अधिकारी साहेबांना फोन लावला.

“मंजुरी एका जागेची, काम दुसऱ्या जागी. रद्दचा प्रस्ताव पाठवा,” साहेब म्हणाले.

“पण सर, सातबारा बाईंच्याच नावाचा आहे.”

“मग ॲप खोटं बोलतंय का?”

बाईंनी जागा बदलली म्हणावं, तर कामाआधी बेशरमीच्या झुडपांनी भरलेली हीच बोडी मी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हाचा फोटो ॲपने निमूट घेतला होता. नकाशाशी जुळवायची सोय नंतर आली. त्या रात्री झोपताना मला माझ्याच आठवणीची शंका यायला लागली.

दुसऱ्या दिवशी अर्जाला जोडलेली सातबाऱ्याची प्रत घेऊन तलाठ्याकडे गेले. त्याने नंबराकडे बघितलंच नाही. वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

“मॅडम, गावाचं नाव पूर्ण वाचा.”

गावाच्या नावापुढे ‘रिठी’ असा शब्द होता. रिठी म्हणजे कधीकाळी उठून गेलेलं गाव. घरं नाहीत, माणसं नाहीत, पण सरकारी दप्तरात ते वेगळं गाव असतं आणि त्याचे गट नंबरही वेगळे. म्हणजे ८४ दोन होते. ॲपच्या यादीत दोन्ही गावं एकाखाली एक. बाईंकडे स्मार्टफोन नाही म्हणून अर्ज मीच भरला होता. माझं बोट वरच्या, ‘रिठी’ नसलेल्या नावावर पडलं होतं.

साहेबांना सांगितलं. ते जरा नरमले. “तांत्रिक अडचण लिहा. तुमचं नाव यायला नको.”

पण तांत्रिक अडचण म्हटलं की फाइल वर चौकशीला जाते, आणि कधी परत येईल ते कोणी सांगत नाही. कर्मचाऱ्याची चूक असेल तर दुरुस्ती जिल्ह्यातच होते. मी लिहिलं, ‘गाव निवडताना माझी चूक झाली.’

मला कारणे दाखवा नोटीस आली. बाईंची दुरुस्ती मंजूर झाली, अनुदान धानाची रोवणी आटोपल्यावर आलं.

त्याच्या कितीतरी आधी, तलाठ्याकडे जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशीच, मी त्यांना खरं काय ते सांगायला गेले होते. बाईंनी ऐकून घेतलं.

“त्याच दिवशी काहून नाही सांगतलं?”

“त्या दिवशी मलाच माहीत नव्हतं, मावशी.”

“आन् मी दोन दिवस सातबारा उलटापालटा करून पाहून राह्यली, आपलंच वावर होय का नाही म्हून.”

तेव्हापासून सातबारा हातात आला की मी गट नंबराआधी गावाचं नाव वाचते, शेवटच्या शब्दापर्यंत.